टोनेली मास्तरांनी दिलेला निकाल

ठोसे चुकवण्यात आजवरचा सगळ्यात मोठा बॉक्सर कोण, हा वाद आमच्या क्लबच्या कॅन्टीनमध्ये दर शनिवारी दुपारी जेवणाआधी चालायचा. गोदोय क्रूस या आमच्या गावातलं हे कॅन्टीन आधी माझे वडील चालवायचे, त्यांच्यानंतर मी चालवते. मला बॉक्सिंगची आवड कधीच नव्हती. पण तीस वर्षं तीच नावं कानावर पडत राहिली, की ती माणसं आपल्या नात्यातली वाटायला लागतात.

वाद घालणारे मुख्य दोघे. एक लुसेरो, बसचा ड्रायव्हर, आता पेन्शनीत. अंगानं दांडगा आणि आवाजानं त्याहून दांडगा. दुसरा यापुर, कापडदुकानदार. त्याचे आजोबा सीरियातून आलेले, आणि आमच्याकडे तिकडून आलेल्या सगळ्यांनाच तुर्की म्हणतात, म्हणून तोही तुर्की आणि त्यानंही ते कधीच मनावर घेतलं नाही.

"टोकियोत काय झालं ते रेडिओवर ऐकलंय मी," लुसेरो म्हणायचा. "निकोलिनोच्या समोरचा गडी दहाव्या फेरीला उठलाच नाही. हवेत हात मारून मारून दमला बिचारा. निकोलिनो लोच्चेच्या पुढं कुणाचं नाव घेऊ नकोस. आपल्या तुनुयानचा माणूस तो."

"आणि विली पेप?" यापुर शांतपणे ऑलिव्ह चघळत विचारायचा. "विमान पडलं, पाठ मोडली, आणि सहा महिन्यांत परत रिंगमध्ये. एक फेरी तर त्यानं एकही ठोसा न मारता जिंकली."

"कुणी पाहिली ती फेरी? तुझ्या आज्यानं?"

"मासिकात छापून आलंय."

"मासिकात काय, डोक्यावर केस उगवायच्या तेलाबद्दलही छापून येतं. तुझं टक्कल बघ."

मग यापुर व्हिटेकरचं नाव काढायचा, त्र्याण्णव साली त्याची जिंकलेली लढत पंचांनी बरोबरीत कशी सोडली ते सांगायचा, आणि पंचांच्या आया-बहिणींचा उद्धार सुरू झाला की दोघांचं एकमत व्हायचं. त्या वेळी टोनेली मास्तर खिडकीबाहेर पाहत बसायचे.

एलिसेओ टोनेली मास्तर म्हणजे आमच्या शाळेचे गणिताचे शिक्षक. अर्ध्या गोदोय क्रूसला त्यांनी अपूर्णांक शिकवले, मलाही शिकवले. बारीक अंगकाठी, कायम इस्त्रीचा शर्ट, बोलणं हळू. लग्न केलं नव्हतं. आईला शेवटपर्यंत सांभाळलं, आणि ती गेल्यावर त्याच दोन खोल्यांत राहिले. तरुणपणी ते प्रांताच्या बॉक्सिंग संघटनेचे पंच होते. संघटनेला बेरीज न चुकणारा आणि लाच न खाणारा माणूस हवा होता, आणि शाळामास्तर म्हटल्यावर दोन्ही गोष्टींची खात्री वाटत असावी. आठवडाभर ते मुलांच्या वह्या तपासायचे आणि शनिवार-रविवारी रिंगच्या कडेला बसून गुण द्यायचे. सत्त्याहत्तर साली त्यांनी ते अचानक सोडलं. लोक म्हणाले, डोळे गेले असतील. पुढं ते खरंच अधू झाले, त्यामुळे कुणी परत विचारलं नाही.

वाद चिघळला की लुसेरो त्यांच्याकडे वळायचा. "मास्तर, तुम्ही पंच. तुम्ही सांगा. निकोलिनो की पेप?"

"मी निवृत्त आहे," मास्तर म्हणायचे, आणि ग्लासातल्या वर्मूत वाइनमध्ये थोडा सोडा घालायचे.

अठ्ठ्याण्णवच्या एप्रिलमधली गोष्ट. रस्त्याकडेच्या पाटांत झाडांची पानं साचून पाणी तुंबलं होतं, आणि सकाळभर मी दारासमोरचा पाट झाडून काढत होते. आत यापुरनं नवी टूम काढली होती. नुसतं भांडायचं नाही, पहिल्या दहांची यादी करायची आणि भिंतीवरच्या फळ्यावर लिहून ठेवायची. मी त्या फळ्यावर दिवसाचं जेवण लिहायचे. ते पुसून टाकलं आणि खडू मास्तरांच्या हातात दिला, कारण अक्षर त्यांचंच चांगलं.

मास्तरांनी लिहायला सुरुवात केली. पहिल्या जागेवर निकोलिनो, दुसऱ्यावर पेप. यापुरनं कुरकुर केली, पण मान्य केलं. तिसरा व्हिटेकर. चौथ्यासाठी लुसेरो आणि यापुर एकमेकांवर तावातावानं बोलत होते, तेवढ्यात मास्तरांनी कुणाला न विचारता चौथं नाव लिहून टाकलं. आबेलिनो निएवास.

दोघांनी फळ्याकडे पाहिलं. मग लुसेरो हसला.

"कोण निएवास? आपला लावायेचा निएवास? अहो मास्तर, तो तर तोंडानं ठोसे अडवायचा."

"नंतर," मास्तर म्हणाले.

"नंतर काय नि आधी काय. माझ्या डोळ्यांसमोर त्याला मारलंय लोकांनी. कणीक तिंबावी तसा तिंबलाय."

"त्याआधी त्याला हात लागत नव्हता, लुसेरो. तू पाहिलंयस. चौऱ्याहत्तरच्या मार्चमध्ये, इथंच, बाहेरच्या बास्केटबॉलच्या मैदानावर. वास्केसविरुद्ध."

"ती लढत तो हरला."

"नाही," मास्तर म्हणाले. "त्याला मी हरवलं."

ते खडू हातात धरूनच उभे होते. मी हात पुसत स्वयंपाकघरातून बाहेर आले. त्या दिवशी मीही तिथं होते, बावीस वर्षांची, वडिलांना मदत करत. आणि जसं मास्तरांनी सांगायला सुरुवात केली तसं मलाही आठवत गेलं.

तो रविवार होता. द्राक्षांची तोडणी संपत आली होती. मैदानावर रिंग उभारलेली, दुपारचं ऊन, बाकं गच्च भरलेली. प्रांताच्या किताबासाठी दहा फेऱ्या. एका बाजूला आमचा वास्केस, गोदोय क्रूसचाच, बैलासारखा ताकदवान आणि सगळ्यांचा लाडका. दुसऱ्या बाजूला निएवास, एकोणीस वर्षांचा, लावायेच्या वाळवंटातून आलेला, सावळा, शेळ्या राखणाऱ्या घरातला. आखाड्यातली पोरं त्याला पारा म्हणायची, कारण तो चिमटीत सापडत नसे.

माझ्या वडिलांनी लोकांसाठी द्राक्षांच्या चार पेट्या फुकट ठेवल्या होत्या. त्या पेट्या मीच उघडल्या.

पहिल्या तीन फेऱ्या लोकांना मजा वाटली. वास्केस ठोसा मारायचा आणि निएवास तिथं नसायचा. फार काही करायचाही नाही तो. मान इंचभर बाजूला, खांदा जरासा वर, एक पाऊल मागं. वास्केसचा हात त्याच्या कानाजवळून जायचा आणि निएवास तेवढ्यात एक हलकी टिचकी मारल्यासारखा ठोसा ठेवून द्यायचा. पण चौथ्या फेरीपासून शिट्ट्या सुरू झाल्या. निकोलिनो असाच खेळायचा आणि याच लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं होतं, पण निकोलिनो चुकवता चुकवता प्रेक्षकांकडे पाहून हसायचा, थट्टा करायचा. निएवास हसायचा नाही. शेळ्या मोजत असल्यासारखा गंभीर चेहरा. आणि समोर आमचा वास्केस हवेत हात मारून हास्यास्पद दिसत होता, ते कुणाला सहन होईना.

"मार की रे, भित्र्या. नाचायला आलायस का?"

कुणीतरी द्राक्षांचा घोस भिरकावला. मग दुसरा. पंचवीस-तीस घोस रिंगमध्ये पडले असतील. लढत थांबवून फडक्यानं पुसलं, पण गोड रस रिंगच्या कापडावर चिकटून राहिला. नवव्या फेरीत निएवासचा पाय चिरडलेल्या द्राक्षावरून घसरला आणि तो गुडघ्यावर आला. वास्केसचा ठोसा त्याला लागलाच नव्हता. पण सगळं मैदान असं ओरडलं, की जणू त्याला आडवा केला.

"मी अगदी समोर बसलो होतो," मास्तर फळ्यासमोर उभं राहून म्हणाले. "पाय घसरला ते मला स्वच्छ दिसलं. आणि मी ती फेरी वास्केसला दिली. दहावीसुद्धा. आधीच्या बऱ्याच फेऱ्या मी बरोबरीत धरल्या होत्या, त्यामुळे आठ फेऱ्यांनंतर माझ्या कागदावर निएवास एकाच गुणानं पुढं होता. दहा झाल्यावर वास्केस एका गुणानं पुढं. एक पंच याच्या बाजूचा, एक त्याच्या. निकाल माझ्या कागदावर लागला."

"कुणी दम दिला होता तुम्हाला?" यापुरनं विचारलं.

"कुणीच नाही. शिट्ट्या वाजत होत्या आणि मला वाटलं, एवढ्या माणसांना जे दिसतंय ते मलाच कसं दिसत नाही. पेन्सिल चालली. एवढंच."

लुसेरोचा चेहरा लाल झाला होता. "मीही शिट्टी वाजवली होती," तो म्हणाला. "घोसही फेकला असेल एखादा. मग काय आता? खेळ बघायला आलो होतो, चर्चमध्ये नव्हतो आलो. चुकवत बसणाऱ्याला किताब द्यायचा असतो का?"

"पहिल्या जागेवर तू कुणाचं नाव लिहायला लावलंस?" मास्तरांनी विचारलं.

लुसेरो उठला, फळ्याजवळ गेला आणि तळहातानं चौथं नाव पुसून टाकलं. मग टोपी घेऊन निघून गेला. त्याच्या ग्लासात अर्धं वर्मूत तसंच राहिलं.

मास्तरांनी उरलेलं मला नंतर सांगितलं, यापुर गेल्यावर. लढत संपल्यावर निएवास त्यांच्याकडे आला होता. चिडून नाही. बूट हातात घेऊन, शाळेतला मुलगा येतो तसा. "मास्तर, माझं काय चुकलं?" असं विचारलं त्यानं. आणि मास्तरांनी, खरं सांगायची लाज वाटली म्हणून, शिक्षकाच्या आवाजात उत्तर दिलं, "नुसतं चुकवून भागत नाही, बाळा. समोर उभं राहायला शीक. मारायला शीक."

तो शिकला. तीन वर्षांनी मास्तर परत त्याच्या एका लढतीला पंच होते. निएवास रिंगच्या मधोमध पाय रोवून उभा राहिला, एक खायचा, दोन द्यायचा. भुवई फुटली, नाक फुटलं, आणि लोक उभं राहून टाळ्या वाजवत होते. तो जिंकला. मास्तरांनी प्रामाणिकपणे त्याला जिंकवलं, कागद दिला, आणि घरी जाऊन राजीनामा लिहिला.

निएवास आणखी सहा वर्षं लढला. पहिली तीन वर्षं त्याचं नाव झालं, पुढच्या तीन वर्षांत त्याला कुणीही मारावं अशी गत झाली. अठ्ठाविसाव्या वर्षी हात थरथरायला लागले. मग तो लावायेला बहिणीकडे परत गेला.

"नेली, तुझ्याकडे गाडी आहे," मास्तर म्हणाले. "मला एकदा तिकडे नेशील?"

सोमवारी कॅन्टीन बंद असतं. सकाळी निघालो. द्राक्षमळे संपले, मग पाट संपले, मग नुसती पांढरी माती आणि काटेरी झुडपं. मास्तर मांडीवर मिठाईचा पुडा धरून बसले होते. एकदाच म्हणाले, "सव्वा तासाचा तर रस्ता आहे." चोवीस वर्षांत ते इथं एकदाही आले नव्हते.

घर मातीचं, वर वेताचं छप्पर, बाजूला शेळ्यांचा वाडा. निएवासची बहीण देल्फिना दारात उभी होती. पन्नाशीची, वाळलेली, डोक्याला रुमाल. मास्तरांनी नाव सांगितल्यावर तिनं त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं.

"तुम्ही होय ते," ती म्हणाली. "या. झाडाखाली बसलाय तो."

आबेलिनो निएवास त्रेचाळीस वर्षांचा होता आणि पासष्टचा दिसत होता. नाक चपटं, भुवयांवर जाड वण, एका डोळ्यात पांढरं. जीभ जड झालेली, त्यामुळे प्रत्येक शब्द ओझं उचलल्यासारखा यायचा. मास्तरांचं नाव ऐकताच तो धडपडत उठला आणि त्यांचे दोन्ही हात धरले.

"मास्तर," तो म्हणाला. "देल्फिना, मास्तर आलेत. बघ."

"बस, आबेल. बस."

"यांनी मला मारायला शिकवलं," तो मला सांगायला लागला. "मी नुसता पळायचो. यांनी सांगितलं, उभा राहा. मग लोक माझं नाव घ्यायला लागले. सगळं स्टेडियम. निएवास, निएवास."

देल्फिना भोपळ्याच्या पेल्यात माते, म्हणजे आमच्याकडचा कडू पानांचा चहा, भरत होती. तिनं वर पाहिलं नाही.

मास्तरांच्या हातातला पुडा तसाच होता. मला वाटलं, आता हे बोलणार नाहीत. नाही बोलले तर बरं, असंही वाटलं. पण तेवढं बोलायलाच ते आले होते.

"आबेल, ऐक. वास्केसबरोबरची ती लढत. त्या दिवशी तू जिंकला होतास. मी चुकीचे गुण दिले. जाणूनबुजून."

निएवासनं ते हळूहळू ऐकलं. मग तो हसला. समोरचे दोन दात नव्हते.

"नाही मास्तर. हरलो होतो मी."

"तू जिंकला होतास. तुझा पाय घसरला होता. त्यानं तुला मारलंच नव्हतं."

"तुम्ही दिलेत ना गुण," तो समजूत घातल्यासारखा म्हणाला. "तुमची बेरीज चुकत नाही. सगळे म्हणायचे, टोनेली मास्तर असले की निकाल बरोबर. आता म्हातारपणी विसरायला होतं. मलाही होतं."

मास्तरांनी आणखी दोनदा प्रयत्न केला. फेरी फेरी करून सांगितलं, बोटांवर गुण मोजून दाखवले. निएवास मान हलवत राहिला, आणि शेवटी त्याला त्रास व्हायला लागला. हात जास्त थरथरायला लागले, मातेचा पेला त्याच्या हातातून पडला, गरम पाणी पायावर सांडलं. देल्फिनानं त्याचा पाय पुसला, त्याला आत नेऊन निजवलं आणि बाहेर आली.

"तो ही गोष्ट येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगतो," ती म्हणाली. "शेळ्या घ्यायला येणाऱ्यालाही. मास्तर आले, शिकवलं, मग नाव झालं. त्याच्या डोक्यात आता तेवढंच शाबूत आहे. तुम्ही ते काढून त्याला दुसरं काय देणार होता?"

"खरं काय ते," मास्तर म्हणाले.

"खरं मला माहीत होतं. मी त्या दिवशी मैदानावर होते, शेवटच्या बाकावर. तो घरी आला आणि रोज संध्याकाळी शेळ्यांच्या वाड्यात भिंतीला पाठ लावून उभा राहायचा. धाकट्या भावाला म्हणायचा, मार मला, मी हलणार नाही. सवय मोडत होता. अंग आपोआप बाजूला व्हायचं त्याचं. लहानपणापासून तसंच. ते मोडायला त्याला वर्ष लागलं."

देल्फिनानं मिठाईचा पुडा घेतला, आणि मला बाटलीत पाणी भरून दिलं, रस्त्यात लागेल म्हणून. मास्तरांना तिनं काही दिलं नाही आणि वाईटही बोलली नाही.

परतीच्या वाटेवर मी म्हटलं, "तुम्ही जाऊन सांगितलंत तरी."

"ऐकलं का त्यानं, नेली?" मास्तर म्हणाले. "तीस वर्षं मुलांना सांगत आलो, उत्तर चुकलं तर खोडायचं आणि पुन्हा करायचं. हे खोडताच येत नाही."

त्यानंतर त्यांनी संघटनेला पत्र लिहिलं. मला वाचून दाखवलं, एका पानाचं, स्वच्छ अक्षरात. अमुक तारखेच्या लढतीत मी खोटे गुण दिले, निकाल दुरुस्त करावा. दोन महिन्यांनी उत्तर आलं. सभ्य होतं. इतक्या जुन्या निकालावर हरकत घेता येत नाही, आपल्या सेवेबद्दल आभार. त्यांनी पुन्हा लिहिलं. त्याला उत्तर आलं नाही.

शनिवारी ते येत राहिले, पण मधूनमधून. लुसेरो आणि ते एकमेकांशी बोलायचे, जेवणाचं, पेन्शनचं, हवेचं. यापुरनं वाद उकरून काढायचा दोनदा प्रयत्न केला, पण रंग भरला नाही. पुढच्या हिवाळ्यात मास्तर एकटेच बसनं लावायेला जाऊन आले. निएवासनं त्यांना ओळखलं नाही. शेळ्या घ्यायला आलेला माणूस समजून त्यांनाच ती गोष्ट सांगितली, मास्तर आले, शिकवलं, मग नाव झालं. मास्तरांनी ती पूर्ण ऐकून घेतली. हे मला त्यांनी कॅन्टीनच्या दारात उभं राहून सांगितलं, आत आले नाहीत.

दोन हजार सालच्या ऑगस्टमध्ये ते गेले. फुप्फुसात पाणी झालं होतं, चार दिवस अंथरुणात होते. मयताला त्यांचे जुने विद्यार्थी खूप आले. डॉक्टर, गवंडी, एक नगरसेवक. सगळे त्यांच्या प्रामाणिकपणाबद्दल बोलत होते. लुसेरो कोपऱ्यात खुर्चीवर बसून होता, टोपी गुडघ्यावर. मी कॉफी घेऊन गेले तर म्हणाला, "नेली, तो पाय घसरलेला मीही पाहिला होता." मी म्हटलं, "पेट्या मी उघडल्या होत्या." त्यानं कॉफी घेतली.

देल्फिनाला मी निरोप पाठवला होता. ती आली नाही. निएवास त्यानंतर चार वर्षं जगला, असं मला चीज विकायला येणाऱ्या एका बाईकडून कळलं, तेही बऱ्याच उशिरा.

कॅन्टीनमध्ये वाद पुन्हा सुरू झालाय. यापुरचा जावई येतो, नवी पोरं येतात, त्यांच्या तोंडी नवी अमेरिकन नावं आहेत आणि निकोलिनोला त्यांनी फक्त जुन्या फिल्ममध्ये पाहिलंय. लुसेरो काठी टेकत येतो, त्यांच्याशी भांडतो, खोकतो, पुन्हा भांडतो. निएवासचं नाव कुणी घेत नाही. एकदा ते माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण मग कोण निएवास म्हणून विचारलं असतं, मला सगळं सांगावं लागलं असतं, आणि समोर लुसेरो बसला होता.